चाकाची मागची बाजू

"बाबा, हॉर्नकाकांच्या टेम्पोचं चाक तुम्हीच बसवलं होतं ना?"

विचारायचं नव्हतं असं नाही. पण असं, भर दुपारी, पाठीवर दप्तर असताना आणि बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याच्या टपात असताना विचारायचं नव्हतं. टकळीशी पैज लागली होती. रस्त्यापलीकडे झाडाआड तिच्या वर्गातल्या दोघी, लांबूडकी आणि चष्मेवाली, माना ताणून उभ्या होत्या. "भाषणात पहिला नंबर काढलास ना? सगळ्या शाळेसमोर न अडखळता बोललीस ना? मग स्वतःच्या बापाला एक प्रश्न विचारून दाखव," चष्मेवाली म्हणाली होती. आणि टकळीला कुणी 'दाखव' म्हटलं की तिचे पाय जमिनीवर राहत नसत.

बाबा ट्यूब पाण्यात फिरवत होते. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. त्यांनी तिथे बोट ठेवलं, ट्यूब वर काढली, फडक्याने पुसली, खडूने फुली मारली. सगळं झाल्यावर म्हणाले, "हो."

"मग ते निघालं कसं?"

"नट ढिले राहिले माझ्याकडून."

"तुमच्याकडून?"

"माझ्याकडूनच. जा, हातपाय धू. आई वाट बघतेय."

टकळी रस्ता ओलांडून मैत्रिणींकडे गेली. शाळेच्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे तिला टकळी म्हणत, कारण एकदा सुरू झाली की ती थांबत नसे. त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"काय म्हणाले?" लांबूडकीने विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे हो म्हणाले," चष्मेवाली म्हणाली आणि चष्मा नाकावर वर सरकवला. तिला वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं. पण आता विचारून झालं होतं.

हॉर्नकाकांना जाऊन सतरा दिवस झाले होते. त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. वळण असो नसो, समोर कुत्रं असो नसो, ते हॉर्न वाजवत जायचे, म्हणून हॉर्नकाका. पहाटे शेतांवरून भाजी उचलायची आणि उन्हं चढायच्या आत बाजारात टाकायची, हा त्यांचा धंदा. त्या दिवशी उतारावर टेम्पोचं पुढचं डावं चाक निघालं. ते एकटंच रस्त्याने पुढे पळत सुटलं, असं बघणारे सांगत. टेम्पो नाल्यात कलंडला. टोमॅटोची पेटी न् पेटी फुटली होती, त्यामुळे धावत गेलेल्या माणसांना काकांना किती लागलंय हे आधी कळलंच नाही. दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले.

त्यांची मुलगी टकळीच्या बाकावर बसायची. टकळी दोन माणसांचं बोलायची आणि ती दोन माणसांचं ऐकायची. कायम टकळीच्या मागे एक पाऊल, म्हणून सगळे तिला सावली म्हणत. सतरा दिवस बाकाची तेवढी जागा रिकामी होती. टकळी दप्तर तिथे ठेवत नव्हती, मांडीवर घेऊन बसत होती.

*

दुकान फाट्यावर होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर. कॉम्प्रेसर सुरू झाला की घरातली भांडी फडताळात थरथरायची. इतकी वर्षं आई त्या आवाजावर वैतागायची. आता कॉम्प्रेसर अख्खा दिवस गप्प असायचा आणि आई मधूनच हातातलं काम थांबवून शेडकडे कान लावायची.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर टकळी शेडमध्येच बसली. बाबा रिकाम्या टायरवर बसून पाने पुसत होते. पुसलेला पाना पुन्हा पुसत होते. एकच्या सुमाराला एक ट्रॅक्टरवाला आला. ट्रॉलीचं चाक पंक्चर होतं, पुढच्या दुकानापर्यंत जाणं शक्य नव्हतं, नाहीतर आला नसता. त्याने बाबांकडे न बघताच चाक दाखवलं.

ट्रॉली घरंगळू नये म्हणून बाबांनी मागच्या चाकांना दगडांची ओट लावली, जॅक लावला, चाक उतरवलं, टॉमीच्या लोखंडी पट्टीने टायर सोडवलं, ट्यूबमध्ये खिळा सापडला तो त्याच्या हातावर ठेवला. टायरच्या आतून तळवा फिरवला, दुसरा खिळा नाही ना म्हणून. ट्यूबला ठिगळ लावून चाक चढवलं. एक नट, मग त्याच्या समोरचा, मग आडवा, मग त्याच्या समोरचा, असे ओळीने न घेता समोरासमोर आवळले. शेवटी छोटा हातोडा घेऊन एकेका नटावर टिचकी मारली. टण. टण. टण. घट्ट नट असा वाजतो. ढिला नट थप असा वाजतो, ओल्या लाकडासारखा. टकळी तीन वर्षांची असल्यापासून तिला हे दोन आवाज ओळखू यायचे. पाहुणे आले की बाबा मुद्दाम एक नट ढिला करायचे, तिला पाठमोरी उभी करायचे आणि ती "हा!" म्हणून ओरडली की सगळे टाळ्या वाजवायचे.

बाबा बाजूला झाले. ट्रॅक्टरवाल्याने सीटखालून स्वतःचा पाना काढला. खाली बसला आणि एकेक नट पुन्हा आवळायला लागला. एकही नट केसभर हलला नाही. तरी त्याने सगळे करून बघितले. पाना टाकून दोन्ही हातांनी चाक गदगदा हलवून बघितलं.

"झालं ना समाधान?" टकळी म्हणाली.

"ए," बाबा म्हणाले. "घरात जा."

"नाही, मी विचारते त्यांना. किती वर्षं येताय तुम्ही इथे?"

ट्रॅक्टरवाला ओशाळला. "मुली, घरी पोरंबाळं आहेत माझ्या," एवढंच बोलला. बाबांनी त्याला मान डोलावून बरोबर आहे असं दाखवलं. मग ओटीचे दगड उचलून कडेला रचून ठेवले, एकावर एक, नीट.

ट्रॅक्टर गेला तरी टकळीच्या कानात ते वाजत होतं. टण, टण, टण. ज्या माणसाला गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीचा नट तपासल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने आपल्या मित्राच्या टेम्पोचे नट ढिले ठेवले? सहाच्या सहा? तिने मनातल्या मनात ते शंभरदा मांडून बघितलं. हिशेब काही केल्या बसेना.

*

रविवारी बाबा कुणाची तरी अडकलेली गाडी बघायला गेले. लांबच्या गावचा माणूस होता, त्याला काही माहीत नसावं. आई कपडे धूत होती. टकळी शेडच्या मागच्या अडगळीत शिरली. तिथे फाटकी टायरं, गंजलेल्या रिमा आणि पोत्यांचा ढीग असायचा. सगळ्यात मागे, दोन पोत्यांखाली, एक चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.

तिने पोतं ओढलं आणि पिवळा रंग दिसला. टेम्पोचंच चाक; बाबांनीच ते उतारावरून उचलून आणलं असणार.

तिला तो दिवस लगेच आठवला, कारण तो फार चांगला दिवस होता. टेम्पोच्या पुढच्या चाकांना नवी टायरं घालायची होती. जुनी इतकी झिजली होती की त्यांवर हात फिरवला तर पाटीसारखी गुळगुळीत लागायची. बाबा नवी टायरं आणायला शहरात गेले होते आणि उघड्या रिमा अंगणात पडल्या होत्या. दुकानाच्या पाटीसाठी आणलेला पिवळा रंग अर्धा डबा उरला होता. टकळीच्या डोक्यात कल्पना यायचा अवकाश, ती सावलीच्या हातात ब्रश देऊन मोकळी व्हायची.

"काका, रंगवू का?"

"रंगवा की!" हॉर्नकाका झाडाखाली आडवे होते. "लोकांना आतापर्यंत मी ऐकू यायचो, आता दिसूही दे."

"फुलं काढू?"

"काढ. पण माणसाने टेम्पो ओळखायला हवा. मला नवरदेव समजून कुणी वाजंत्री मागे लावली तर बिल तुझ्या बापाला देईन."

सावली इतकी हसली की तिच्या ब्रशचे थेंब काकांच्या चपलेवर पडले. काकांनी ती चप्पल पुढे कित्येक दिवस कौतुकाने सगळ्यांना दाखवली असती. कित्येक दिवस मिळाले नाहीत.

टकळीने चाक उन्हात आणलं. दर्शनी बाजूला तिने काढलेली फुलं खरचटून गेली होती. तिने चाक उलटं केलं. मागची बाजू, जी गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तबकडीला, चिकटून असते, तिथेही पिवळा रंग होता. जाड. नटांच्या भोकांभोवती तो चिरडून, दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन कडेला सरकला होता. काही जागी पापुद्रे उडून खालचं लोखंड चकचकीत घासलं गेलं होतं. आणि भोकं गोल राहिली नव्हती. लांबट झाली होती. चाक किती वेळ हबवर डुगडुगत राहिलं असेल, ते त्या भोकांवर लिहिलेलं होतं.

तिने नखाने रंगाचा एक पापुद्रा काढला. तो चिमटीत धरून ती तशीच उकिडवी बसून राहिली.

बाबा आले तेव्हा ऊन तिच्या पाठीवरून उतरून भिंतीवर गेलं होतं. त्यांनी चाकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शेजारी बसले. त्यांच्या गुडघ्यांचा कट्कन आवाज झाला.

"रंगामुळे?" तिने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"चाकाने. बाबा, रंगामुळे ना?"

बाबांनी तळवा चाकाच्या पाठीवर ठेवला. "लोखंडाला लोखंड भिडावं लागतं. मध्ये रंग राहिला की आपण रंगालाच आवळतो. वाजतं अगदी टण. मग गाडी धावते, ब्रेक तापतात, रंग दबतो, आणि घट्ट केलेला नट आपोआप सैल पडतो. ही जागा तारेच्या ब्रशने घासून साफ करायची, मगच चाक चढवायचं. हे मला माहीत आहे. माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"मग तुम्ही का नाही घासलं?"

त्यांनी सुटायला आलेला एक पापुद्रा बोटाने दाबून परत बसवला.

"तुम्ही दोघी बाजूला उभ्या होतात. हाता-तोंडाला पिवळा रंग. 'बाबा, मागूनसुद्धा रंगवलंय, बघा ना,' म्हणालीस. तारेचा ब्रश हातात घेतला होता मी. खरवडायला जिवावर आलं. वाटलं, पातळ आहे, चालेल. पन्नास किलोमीटर झाले की तुझा हॉर्नकाका परत येईल, पुन्हा आवळून देऊ." त्यांनी तळवा चाकावरून काढून घेतला. "दुसऱ्या दिवशी तो इथूनच गेला. पेट्या रचलेल्या. मी ट्रकखाली होतो. हात दाखवला, थांब म्हणून. त्याला वाटलं मी राम राम करतोय. हॉर्न वाजवून गेला."

"मग तुम्ही लोकांना नट ढिले राहिले असं का सांगताय?"

"रंग म्हटलं की कुणी लावला, हे विचारतील."

"मी लावला. सांगा की."

"एकट्या तू?" बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तिचाही हात होता ना त्यात? तिचा बाप गेलाय. मला लोक महिनाभर शिव्या देतील, नाहीतर वर्षभर देतील. मी मोठा माणूस आहे, खाईन शिव्या. त्या मुलीला आयुष्य काढायचंय अजून. तू तोंड उघडायचं नाहीस. कुणाजवळही नाही."

ते उठले, चाकावर पोतं टाकलं आणि कोपरे नीट खोचले, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतात तसं.

टकळीने आज्ञा पाळली. तिला तोंड बंद ठेवायला इतके कष्ट कधीच पडले नव्हते. पण रंगाच्या दिवसातलं एक तिने बाबांनाही सांगितलं नव्हतं. फुलं तिची होती. फुलं काढून होतात न होतात तोच आईने आतून हाक मारली, ओल्या चादरी पिळायला. एका टोकाला आई, एका टोकाला ती, अशा चार चादरी पिळून ती बाहेर आली तेव्हा मागची बाजू झालेली होती. सावली कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत म्हणाली होती, "बघ गं. एकही जागा सोडली नाही मी."

*

मंगळवारी सावली शाळेत आली.

वेणी तिची तिनेच घातली होती, वाकडी. तास सुरू झाला. दोघी एका वहीत बघत राहिल्या. मधल्या सुट्टीत लांबूडकी आणि चष्मेवाली जरा लांबच थांबल्या. टकळी सावलीला घेऊन नळाच्या मागच्या ओट्यावर बसली.

"मी लांबच्या रस्त्याने आले," सावली म्हणाली. "तुमच्या दुकानावरून नाही. आई म्हणते, जायचं नाही तिथून."

"हं."

"तुझ्यावर राग नाही तिचा. तुझ्या बाबांवर आहे. रोज रात्री म्हणते, ज्याच्या हातचं पाणी प्यायले त्यानेच असं केलं."

टकळीने ओट्याचा निघालेला सिमेंटचा तुकडा उचलला, परत जागेवर बसवला.

"आत्याचे यजमान आले होते," सावली हळू आवाजात सांगत होती. "ते ट्रक चालवतात. त्यांनी टेम्पोचा हब बघितला. म्हणाले, इथे पिवळं कसं लागलंय? आई म्हणाली, मुलींनी चाकं रंगवली होती. ते काही बोललेच नाहीत. एकदम गप्प झाले. मग आईला म्हणाले, चहा कर." तिने टकळीकडे बघितलं. तिचे डोळे नेहमीपेक्षा मोठे दिसत होते. "रंगाने होतं का गं असं?"

नळ टपटपत होता. मैदानावर मुलं कशावरून तरी एकमेकांना 'चीटर, चीटर' म्हणून ओरडत होती.

"मला काही आठवतच नाही," सावली म्हणाली. "बाबा हसत होते ते आठवतं. चपलेवर थेंब पडले ते आठवतं. पुढचं सगळं पुसून गेलंय. मागची बाजू... ती कुणी रंगवली होती? तू की मी?"

भाषणाच्या स्पर्धेसाठी टकळीने आठ दिवस पाठ केलं होतं, आरशासमोर हातवारे बसवले होते. इथे तयारीला एका श्वासाएवढाही वेळ नव्हता.

"मी," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! तुला कुठे येतं नीट रंगवता? तू थेंबच सांडत होतीस. मागचं सगळं मी केलं. तू काकांशी बोलत बसली होतीस."

सावलीने डोळे मिटले. तिच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला, तीन आठवडे आत कोंडलेला असावा तसा. मग तिने डोळे उघडले आणि टकळीकडे बघितलं. त्या बघण्यात पहिल्यांदाच काहीतरी परकं होतं. ती उठली, फ्रॉकला लागलेली माती झटकली आणि एकटीच वर्गाकडे चालायला लागली. टकळीच्या मागे नाही, पुढे. मागे वळून न बघता.

शेवटच्या दोन तासांना ती चष्मेवालीच्या बाकावर जाऊन बसली. टकळीने दप्तर मांडीवरून खाली ठेवलं नाही.

*

घरी आली तेव्हा आई शेडच्या तोंडाशी बसून फाटकी ताडपत्री शिवायच्या दोऱ्याला मेण लावत होती. बाबा कॉम्प्रेसरला फडकं गुंडाळत होते. तो विकायचं सकाळीच ठरलं होतं. सांधे तेल लावून पुसलेले, नळी वेटोळी करून वर बांधलेली. पाहुण्यांकडे निघालेल्या मुलासारखं त्यांनी त्याला तयार केलं होतं.

"आज एवढी शांत?" आई म्हणाली. "घसा बसला का?"

"सावली आली होती."

दोघांचेही हात थांबले.

टकळीने दप्तर टायरांच्या चळतीवर ठेवलं आणि उभीच राहिली. "बाबा, तो कॉम्प्रेसर सोडा. आधी ऐका. मी उद्या सावलीच्या घरी, काकूंकडे जाणार आहे. शाळेच्या आधी."

"कशाला?" बाबांचा आवाज चढला. "तुला सांगितलं होतं ना मी—"

"त्यांच्या नातेवाइकांनी हबवरचा रंग बघितलाय. आज ना उद्या ते बोलणार. त्यांनी बोलायच्या आत आपण बोलायचं. मागची बाजू मी रंगवली, हे मी सांगणार. तुम्ही ती खरवडली नाहीत, हे तुम्ही सांगायचं. नट ढिले होते हे आता कुणी कुणाला सांगायचं नाही. ते खोटं आहे."

"आणि ती मुलगी?" बाबा म्हणाले. "ब्रश तिच्याही हातात होता."

"तिने समोरची फुलं काढली. माझ्याबरोबर. तेवढीच. तिला सांगून झालंय माझं."

आईने मेणाचा तुकडा खाली ठेवला. तिच्या कपाळावर आठी पडली, ती काहीतरी आठवत होती. "अगं, पण त्या दुपारी तू तर माझ्याबरोबर आत चादरी—"

"नव्हते," टकळी म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं. मग बाबांकडे. बाबा कॉम्प्रेसरवर हात ठेवून तसेच वाकून उभे होते, त्यांना काही कळलं होतं की नाही, चेहऱ्यावरून समजत नव्हतं. तिने पदराने डोळे टिपले, पण पुढचं वाक्य बोलली नाही.

"तुझ्याशी ती पुन्हा बोलायची नाही," बाबा म्हणाले. "सावली."

"माहीत आहे. आज दुपारपासूनच नाही बोलली." टकळीचा आवाज इथे एकदा घसरला. तिने तो सावरला, स्टेजवर सावरायची तसा. "काकू काय म्हणतील ते म्हणू देत. मारलं तरी मी मागे सरकणार नाही. साडेसहाला निघणार आहे. तुम्ही दोघं येणार असाल तर वेळेवर तयार राहा, मी थांबणार नाही. आणि जायचं ते दुकानावरूनच, सरळ रस्त्याने."